जिवाणी

सीताबाई पाणी पिताना त्यांच्या गळ्याच्या शिरा वरखाली होताना दिसत, इतक्या त्या पाच दिवसांत वाळल्या होत्या. सकाळी नऊला बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आल्या की एकदाच पाणी. तेही कागलजवळच्या त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचं, दुहेरी फडक्यानं गाळलेलं. नंतर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत ओठांना थेंब लावायचा नाही. पर्युषणाचे दहा उपवास त्यांनी यंदा लेकासाठी धरले होते, आणि आज सहावा होता. लेक, म्हणजे सम्मेद, समोर सोफ्यावर बसून आईच्या गळ्याकडं बघत होता. अव्वा, पिऊ नको, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज काही फुटला नाही.

सम्मेदचा आवाज फुटत नाही, असं कोल्हापुरात कुणाला सांगितलं तर तो पोट धरून हसेल. कबड्डीच्या लीगमध्ये हा गडी चढाईला निघाला की एका दमात असा घुमायचा, की शेवटच्या रांगेतला माणूस वडापाव खायचा थांबायचा. शहरात त्याचे फलक लागत, वाढदिवसाला तलवारीनं केक कापला जाई. एका पशुखाद्याच्या जाहिरातीत तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत हसायचा. शाकाहारी घरचा, देवधर्म पाळणारा, चढाईला जाण्याआधी ओठांतल्या ओठांत णमोकार म्हणणारा पोरगा म्हणून आयाबायांना त्याचं केवढं कौतुक होतं.

आणि त्याच पोरानं आदल्या दिवशी एक कुत्री विहिरीत सोडली होती. त्याच विहिरीत, जिचं पाणी त्याची आई आता डोळे मिटून, घोटाघोटानं पीत होती.

त्याचं असं झालं. नाव झालं की माणसाला शौक लागतो, आणि साध्या शौकानं मोठ्या माणसांचं पोट भरत नाही. सम्मेदच्या ओळखीत एक रणजी खेळलेला बोलर होता, मालिकेत सोज्वळ जावयाचं काम करणारा एक नट होता, असे चार-सहा जण होते. पावसानं उघडीप दिली की ही मंडळी कुठल्या तरी आडबाजूच्या माळावर गाड्या लावायची. पोत्यातून जिवंत ससा सोडायचा आणि त्याच्यामागं कुत्री. ज्याची कुत्री सशाला आधी धरेल तो जिंकला. कायद्यानं बंदी आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांना त्यात जास्त मजा वाटायची. ससा कसा ओरडतो हे ज्यानं ऐकलंय त्याला मी काही सांगायला नको, आणि ज्यानं ऐकलं नाही त्यानं ऐकू नये.

सम्मेदनं दोन वर्षांपूर्वी कारवानी जातीची एक कुत्री घेतली होती. फिकट बदामी रंग, उंच पाय, पोट पाठीला टेकलेलं. नाव ठेवलं कोयना. मळ्यावरच्या गोठ्यात ती असायची आणि मळा बघणारा आकाराम तिला दूध-भाकरी घालायचा. उसात रानडुकरं शिरतात म्हणून राखणीला कुत्री, एवढंच सीताबाईंना सांगितलेलं होतं. कोयना पाच वेळा पळाली आणि पाचही वेळा जिंकली. सम्मेद मळ्यावर आला की त्याच्या बुटावर हनुवटी टेकवून पडायची. तो हलला नाही तर तासभरही हलायची नाही.

सहाव्या वेळी तिचा मागचा पाय घुशीच्या बिळात गेला. हाड मोडल्याचा आवाज गाड्यांपर्यंत आला. नटाच्या कुत्र्यानं ससा धरला आणि नट गॉगल वर करून म्हणाला, "काय सम्मेदशेठ, तुमची बाद झाली की!" सगळे हसले. सम्मेदही हसला. हसत हसतच त्यानं कुत्रीला उचलून गाडीत टाकलं आणि मळ्यावर आणलं.

तिथं त्यानं गोठ्यातली साखळी घेतली. राग कुत्रीवर नव्हता, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण नटाला मारता येत नव्हतं आणि हिला येत होतं. आकाराम "दादा, नगं, दादा, मुकं जनावर हाय" म्हणत आडवा आला, तर त्यालाही एक बसली. थोड्या वेळानं कोयना हलायची थांबली आणि सम्मेद घाम पुसत बाजेवर बसला.

मग फोन वाजला. माळावरच्या कुणीतरी शर्यत मोबाईलवर घेतली होती आणि ती सगळीकडं फिरत होती. प्राणी वाचवणाऱ्या संस्थेची माणसं एका हवालदाराला घेऊन कागलहून निघाली होती. खड्डा खणायला वेळ नव्हता. खणला असता तरी ताजी माती दिसली असती. सम्मेदनं कुत्रीला खांद्यावर घेतलं, तीच साखळी तिच्या गळ्यात अडकवली, साखळीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या जात्याची तळी बांधली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरला. पाणी वरपर्यंत चढलेलं होतं.

शेवटच्या कोरड्या पायरीवर त्यानं तिला ठेवलं आणि सवयीनं वाकला. जाणाऱ्या जिवाच्या कानात णमोकार म्हणायचा, ही सवय त्याला आईनं लावलेली. लहानपणी मळ्यात चिमणी पंख्याला आपटून पडली, रेडकू आजारी पडलं, ट्रॅक्टरखाली धामण सापडली, तेव्हा तेव्हा सीताबाई त्याला पुढं करायच्या. "म्हण. त्येला वाट दिसंल," म्हणायच्या. ओठ कानाला लावून सम्मेदनं पूर्ण णमोकार म्हटला. आणि म्हणून संपल्यावर तो कान हलला. माशी उडवावी तसा, एकदाच.

वर फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. सम्मेदनं जात्याची तळी पाण्यात ढकलली.

पाच मिनिटांनी तो हात-तोंड धुऊन पाहुण्यांना चहा पाजत होता. गोठ्यात आकारामचा गावठी कुत्रा धडधाकट बांधलेला होता. चित्रफितीत कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. "काय पावणं, आमच्या घरात मुंगी मारत न्हाईत," असं तो म्हणाला तेव्हा हवालदारच खजील झाला. संस्थेची आदिती नावाची पोरगी होती, तिनं तर माफीच मागितली. सेल्फी झाले. पर्युषण संपल्यावर सगळ्या जिवांची क्षमा मागायचा दिवस येतो, त्या दिवशी संस्थेच्या कार्यक्रमाला तुम्हीच प्रमुख पाहुणे या, असं तिनं गळ घालून कबूल करून घेतलं. आकाराम चहाची कपबशी धरून उभा होता. त्याच्या दंडावर साखळीचा वळ उमटला होता आणि त्यानं बाही ओढून तो झाकला.

हे सगळं आदल्या दिवशीचं. घरी येऊन सम्मेद गाढ झोपला. विहिरीचं पाणी आणि आईचा उपवास या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्याच्या डोक्यात आलं ते सकाळी, आकाराम मोटरसायकलवरून पाण्याचा डबा घेऊन दारात उभा राहिला तेव्हा. आकारामनं त्याच्याकडं बघितलं नाही. डबा ठेवला, आदल्या दिवशीची जिवाणी घेतली आणि गेला.

जिवाणी म्हणजे काय, तेही इथंच सांगतो. पाणी फडक्यातून गाळलं की फडक्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं एका भांड्यात धुऊन घ्यायचं. ते धुणं म्हणजे जिवाणी. ती ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत नेऊन सोडायची, वरून ओतायची नाही. वेगळी छोटी बादली असते, तिच्या बुडालाही कडी असते. बादली अलगद पाण्याला टेकवायची आणि मग बुडाची दोरी ओढायची, म्हणजे जिवांना धक्का बसत नाही. एका विहिरीचे जीव दुसऱ्या पाण्यात गेले तर मरतात, असं सीताबाई सांगत. सम्मेदचे वडील तात्यासो यांनी ही विहीर पाडली तेव्हा पहिल्या दिवसापासून हा नेम चालू होता. तात्यासो गेले, माणसं शहरातल्या बंगल्यात राहायला आली, फिल्टर बसला, पण पर्युषणात सीताबाईंना पाणी लागायचं ते याच विहिरीचं.

सातव्या दिवशी सम्मेदनं बाजारातून बाटल्यांचं खोकं आणलं. "अव्वा, डॉक्टरनं सांगितलंय, हे पी. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वाईट असतंय."

"बाटलीतलं पाणी?" सीताबाई हसल्या. ओठ फुटले होते, हसताना त्यांना दुखलं. "ते कुणी भरलं, कधी भरलं, त्यातल्या जिवांचं काय केलं? खुळा हाईस काय?"

मग त्यानं दुसरा उपाय केला. गाळलेल्या पाण्याचा हंडा ओट्यावर होता. जाता जाता त्यानं कोपर मारलं. हंडा आडवा झाला आणि पाणी भर घरात पसरलं. सीताबाईंनी हंडा उचलून पालथा घातला. फक्त म्हणाल्या, "आजचं माझं एवढंच हुतं." तो दिवस त्यांनी पाण्याशिवाय काढला. संध्याकाळी बस्तीच्या पायरीवर त्यांना घेरी आली आणि दोन बायकांनी धरून घरी आणलं. आठव्या दिवशी आकारामनं डबा आणला तेव्हा सम्मेद हंड्यापासून लांब उभा राहिला. आई प्याली. त्यानं तोंड फिरवलं.

एवढा मोठा गडी, सात-सात जणांच्या कोंडाळ्यात बेधडक घुसणारा, आणि आईला चार शब्द सांगायची त्याची छाती होत नव्हती. सांगितलं तर दहा उपवास मातीत जातील, हे तो स्वतःला समजावत होता. खरं कारण वेगळं होतं. आई विचारेल, मेली होती का, आणि त्याला उत्तर द्यावं लागेल, याची त्याला भीती वाटत होती.

सरावाला तो जात होता. नवव्या दिवशी मध्यरेषेवर उभा राहून त्यानं नेहमीसारखं णमोकार म्हणायला ओठ हलवले, आणि ओठांना काहीतरी लागलं. पातळ, कोमट, बारीक लव असलेलं. तो दचकून मागं सरला. पुसले ओठ, पुन्हा सुरुवात केली. पहिल्या शब्दालाच परत तो कान ओठांना टेकला. दम घेतला तर छातीत जाईना. सगळ्या संघासमोर तो रेषा न ओलांडता उभा राहिला आणि प्रशिक्षकानं विचारलं, "भूत बघितलंस काय रं?" पोरं हसली. सम्मेद बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून बसला. पाण्यालाही त्याला भिजलेल्या कुत्र्याचा वास आला.

"ओठ किती पुसतोस?" सीताबाईंनी विचारलं. "साल निघाली की."

दहावा दिवस अनंत चतुर्दशीचा. शहरात गणपतीच्या मिरवणुका, खिडक्यांच्या काचा हादरवणारे आवाज. सीताबाई आतल्या खोलीत जप करत पडून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. पारण्याच्या दिवशी पहाटेच त्यांनी हिरवी जरीची साडी नेसली, आदल्या दिवशीच्या जिवाणीचं भांडं झाकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी काढ. यंदाची शेवटची जिवाणी मी माझ्या हातानं सोडणार. पारणंबी तिथंच, तुझ्या वडलांच्या विहिरीवर. पहिला घोट तू पाजायचास."

"तुला चालवत न्हाय, अव्वा."

"बसून जायचं हाय न्हवं?"

मिरवणूक अजून संपली नव्हती. गुलालानं रस्ते लाल झाले होते आणि झोपाळलेली पोरं ट्रॉलीत बसून पेंगत होती. कुणीतरी गाडी ओळखली, "सम्मेददादा!" म्हणून काचेवर गुलाल फेकला. हायवेला लागल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. हायवे आला. गोकुळ शिरगाव गेलं की सांगू, असं ठरवलं. तेही गेलं. आई शेजारी बसून मांडीवरचं भांडं दोन्ही हातांनी धरून होती. खड्डा आला की भांडं उचलून धरायची, आतल्या न दिसणाऱ्या जिवांना हिसका बसू नये म्हणून. ते बघून सम्मेदला रडू आलं, आणि आपण का रडतोय हे सांगावं लागेल म्हणून त्यानं ते गिळलं.

मळ्यात गाडी शिरताना आकाराम धावतच आला. "वैनी, तुमी कशाला आलासा? आणा हिकडं, मी सोडतो की."

"आज माझी पाळी," सीताबाई म्हणाल्या. सम्मेदच्या दंडाला धरून त्या विहिरीच्या काठापर्यंत आल्या. पाणी हिरवं, शांत होतं. वर तेलाचा असावा तसा तवंग होता. काठावर बसून त्यांनी झाकण काढलं, कडीची बादली दोरीला लावली, जिवाणी तिच्यात ओतली. बादली काठावरून खाली सोडणार, तेवढ्यात आकाराम ओरडला.

"वैनी, हितं नगा सोडू!"

"का रं?"

आकारामनं डोक्याचा टॉवेल काढला, हातात पिळला. "ते पाणी हितलं न्हाय. म्या पाच दिस बनाबाईच्या हिरीचं पाणी आणालतो."

बनाबाईचा मळा बांधापलीकडं होता. सम्मेद आकारामकडं बघत राहिला. आई या विहिरीचं पाणी प्यालीच नव्हती. त्या सहाव्या दिवसापासून या अडाणी माणसानं, कुणाला न सांगता, दंडावरचा वळ झाकून, दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन डबा भरला होता. इतकं हलकं सम्मेदला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. सुटलो, एवढाच शब्द त्याच्या मनात आला.

सीताबाईंचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं. "आणि जिवाणी? ती कुठं सोडलीस?"

"ह्याच हिरीत. तुमी सांगितलासा तसं, बादलीनं, अलगद."

बिचाऱ्याला यात काय चुकलं ते कळत नव्हतं. त्यानं माणसाला वाचवायचा विचार केला होता. फडक्यावरच्या जिवांना कुठली विहीर आपली हे कळतं, हे त्याला कोण सांगणार. सीताबाई बादली मांडीवर घेऊन बसल्या.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. "चार दिवस मी बनाबाईच्या पाण्यातले जीव आणून हितं मारले. आणि वर उपवास करालते." त्यांचे डोळे भरले. "असं का केलंस, आकारामा?"

आकारामनं सम्मेदकडं बघितलं. एकदाच. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "पावसानं पाणी गढूळ झालतं, वैनी."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण सीताबाईंनी विश्वास ठेवला. त्यांना माणसावर विश्वास ठेवायची सवय होती. त्यांनी मांडीवरची बादली खाली ठेवली. मग पदर सावरला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "तुझं पाप न्हाय, माझं हाय. दुसऱ्याच्या हातानं नेम पाळला, त्येचं हे फळ. चार दिवसांचे चार उपवास आणखी. आज पारणं न्हाय. सम्मेद, ही बादली बनाबाईच्या विहिरीत सोडून ये. आणि दुसरी बादली दे, गाळणं दे. ह्या विहिरीचं पाणी मी आत्ता माझ्या हातानं काढते. गढूळ असू दे."

"अव्वा, मरशील!"

"मरंना."

त्या खरंच उठल्या. रहाटाला हात घातला. हाताची नुसती काडी झाली होती, आणि त्या काडीनं त्यांनी दोरी खाली सोडायला सुरुवात केली. बादली पाण्यावर आपटली, तवंग फाटला आणि पुन्हा जुळला. सम्मेद ओठ पुसत होता. आता गप्प बसलं तर निभावणार होतं. आकाराम बोलणार नव्हता. फक्त आई ते पाणी पिणार होती, आज धरून चार दिवस, आणि बहुतेक चौथा दिवस उजाडणार नव्हता. बादली भरली. सीताबाई दोरी ओढू लागल्या.

"अव्वा," सम्मेद म्हणाला. "ओढू नको. त्यात कोयना हाय."

त्या थांबल्या.

मग त्यानं सगळं सांगितलं. माळ, ससा, नट, साखळी, आदिती आणि हवालदार. आवाज त्याचा त्यालाच लहान पोरासारखा वाटत होता. सीताबाई दोरी धरून उभ्या होत्या, दोरी सोडली तर बादली आपटेल म्हणून. आता तिघांनाही वास आला. तो आधीपासून येतच होता.

"कानात म्हटलंस?" त्यांनी विचारलं.

"म्हटलं."

"पुरतं?"

"पुरतं."

"मग?"

सम्मेदनं खाली बघितलं. "कान हालला."

"मग काय केलंस?"

सीताबाईंनी दोरी हळूहळू सैल करून बादली पाण्यात परत सोडली. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. लहानपणी मेलेल्या चिमणीजवळ त्याला बसवताना असायचं तसंच ते तोंड होतं.

"काढ तिला," त्या म्हणाल्या.

सम्मेदनं सदरा काढून काठावर ठेवला, वर मोबाईल ठेवला आणि पायऱ्या उतरला. आकाराम मागून यायला निघाला तर सीताबाईंनी हातानंच थांबवलं. शेवटच्या पायरीवरून तो पाण्यात शिरला. सकाळचं ऊन तिरकं आत आलं होतं. पाण्याखाली विहिरीचा दगड हातभर अंतरावर स्वच्छ दिसत होता. दगडावर दाट हिरवं शेवाळ होतं.

शेवाळावर ओरखडे होते.

पायरीच्या लगेच खालून सुरू झालेले, चार-चार बोटांचे, सरळ खाली गेलेले. एका जागी ते थांबले होते. तिथल्या फटीत नखं अडकली असावीत, शेवाळ पार खरवडून निघालं होतं. मग पुन्हा सुरू झाले होते आणि खाली, जिथं ऊन पोचत नव्हतं, तिथपर्यंत गेले होते. तिचा मागचा पाय मोडला होता. पुढचे दोन्ही पाय धड होते.

तो वर आला. पायरी धरून खोकत राहिला.

"गावली?" वरून सीताबाईंनी विचारलं.

त्याला न्हाय म्हणता आलं असतं. ते ओरखडे त्याच्याशिवाय कुणी बघितले नव्हते, आणि महिन्याभरात शेवाळ परत धरलं असतं.

"जित्ती हुती, अव्वा," तो म्हणाला. "बुडताना जित्ती हुती. भिंत धरालती."

मग मोबाईल वाजायला लागला. बराच वेळ वाजला. शेवटी सीताबाईंनी तो उचलला. विहिरीत त्यांचं बोलणं घुमून ऐकू येत होतं.

"कोण? आदिती? व्हय, त्येची आई बोलते... येणार हाय. तुमच्याकडंच येणार हाय... न्हाय, हार-बीर आणू नका. त्या दिवशी तुमच्यासंगं हवालदार आलतं, त्येस्नी बोलावून ठेवा... व्हय, आजच... ते तो सांगंल. त्येच्या तोंडानं सांगंल... आत्ता? आत्ता तो विहिरीत हाय."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग सीताबाई काठावर वाकल्या. उजेडासमोर त्यांचं तोंड काळं दिसत होतं. "तिला घेऊनच वर ये," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते. पाणी तू आल्यावर बघू."

सम्मेदनं छातीत दम भरला. गेल्या दोन-तीन दिवसांत पहिल्यांदाच तो भरला. त्यानं बुडी मारली आणि ओरखड्यांवर हात ठेवत, भिंत चाचपत खाली गेला. उजेड संपला. पाणी गार झालं. ओरखडेही संपले. मग हाताला साखळी लागली. तो साखळीवरून वर वर सरकत गेला आणि तिला लागला. ती तळाला नव्हती. साखळीच्या टोकाशी ताठ, तोंड वर करून तरंगत होती. त्यानं तिच्या गळ्याची कडी चाचपडत काढली. ती निघायला वेळ लागला, आणि त्या वेळात तिचं डोकं त्याच्या तोंडाशी आलं. तिचा कान त्याच्या ओठांना टेकला. या वेळी तो खराच होता, गार आणि बुळबुळीत. त्यानं तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. णमोकार म्हणायला त्याचे ओठ हलत होते, पण पाण्याखाली तोंड उघडता येत नव्हतं.